बेरी फुटबॉल क्लब

बेरी फुटबॉल क्लब हा इंग्लंडमधील ग्रेटर मँचेस्टर परगण्यातील बेरी या शहराचा फुटबॉल संघ आहे. त्याची स्थापना इ.स. १८८५ मध्ये झाली. तेव्हापासून या संघाचे मैदान गिग लेन हे राहिले असून मधल्या काळात चार वर्षे तेथे संघाचा सामना झाला नाही. पांढरा सदरा आणि गडद निळी विजार हा संघाचा पारंपरिक वेश असून 'द शेकर्स' म्हणजे 'हादरवणारे' हे त्याचे टोपणनाव आहे.

बेरीने १९०० आणि १९०३ असा दोनदा एफए चषक जिंकला. इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात हा संघ एकूण २२ हंगाम खेळला. मात्र १९२९ नंतर तो त्या विभागात परतला नाही आणि त्याचा पुढचा बहुतेक काळ खालच्या विभागांत गेला. २७ ऑगस्ट २०१९ रोजी आर्थिक कारणांमुळे बेरीला इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आले. सलग १२५ वर्षांचे लीगचे सदस्यत्व त्या दिवशी संपले. चाहत्यांनी पुढे मैदान व संघाचे नाव परत मिळवले आणि २०२३ पासून बेरी पुन्हा गिग लेनवर खेळू लागला. इंग्लंडमधील फुटबॉल क्लबांवर कायद्याने नियंत्रण असावे की नाही या चर्चेत बेरीचे उदाहरण वारंवार दिले गेले आहे.

== पार्श्वभूमी ==

बेरी हे मँचेस्टरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर अर्वेल नदीकाठी वसलेले शहर आहे. १९७४ पर्यंत ते लँकेशायर परगण्यात होते. धावत्या धोट्याचा शोध लावणारा जॉन के हा याच परिसरातला, तर ब्रिटनचे पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचा जन्म १७८८ मध्ये बेरी येथे झाला. एकोणिसाव्या शतकात कापड गिरण्या व कागद कारखाने हे शहराच्या उपजीविकेचे प्रमुख साधन होते.

लँकेशायरमधील गिरणी कामगारांना शनिवारी दुपारनंतर सुटी मिळू लागल्यावर त्या भागात फुटबॉल झपाट्याने पसरला. चर्च, शाळा आणि कारखाने यांच्याशी संलग्न असे अनेक संघ निर्माण झाले. प्रेक्षक पैसे देऊन सामने पाहू लागले आणि खेळाडूंना मोबदला देण्याची पद्धत आधी लपूनछपून व नंतर उघडपणे रूढ झाली. जुलै १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना अधिकृत मान्यता दिली. बेरीची स्थापना याच वर्षी झाली.

== स्थापना आणि आरंभीची वर्षे (१८८५–१८९४) ==

बेरी वेस्लियन्स आणि बेरी युनिटेरियन्स हे शहरातील दोन ख्रिस्ती पंथांशी संबंधित संघ होते. २४ एप्रिल १८८५ रोजी व्हाइट हॉर्स हॉटेलात झालेल्या बैठकीत दोन्ही संघांच्या मंडळींनी एकत्र येऊन शहरासाठी एकच संघ स्थापण्याचा निर्णय घेतला. अर्ल ऑफ डर्बी यांच्या मालकीची गिग लेन येथील जमीन भाड्याने घेण्यात आली आणि त्याच वर्षी तेथे सामने सुरू झाले.

१८८८ मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल लीगच्या पहिल्या बारा सदस्यांत बेरीचा समावेश नव्हता. १८८९ मध्ये लँकेशायर लीग ही प्रादेशिक स्पर्धा सुरू झाली व बेरी तिचा संस्थापक सदस्य झाला. १८९०–९१ आणि १८९१–९२ असे लागोपाठ दोन हंगाम त्याने ही स्पर्धा जिंकली.

संघाचे टोपणनाव याच काळातले आहे. १८९२ च्या लँकेशायर चषकाच्या अंतिम सामन्यात बेरीची गाठ बलाढ्य ब्लॅकबर्न रोव्हर्सशी होती. आपला संघ प्रतिस्पर्ध्याला हादरवून सोडील, किंबहुना आपण हादरवणारेच आहोत, अशा आशयाचे उद्गार अध्यक्ष जे.टी. इंगहॅम यांनी काढल्याचे सांगतात. बेरीने तो सामना जिंकला आणि हे नाव संघाला कायमचे चिकटले.

== फुटबॉल लीगमध्ये प्रवेश ==

१८९४ मध्ये बेरीची फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात निवड झाली. पहिल्याच हंगामात संघाने विभागाचे विजेतेपद मिळवले. घरच्या मैदानावरचे सर्व १५ सामने त्याने जिंकले.

त्या काळी विभागातील विजेत्याला आपोआप बढती मिळत नसे. पहिल्या विभागातील तळाचे आणि दुसऱ्या विभागातील अग्रस्थानी असलेले संघ यांच्यात चाचणी सामने होत आणि त्यांच्या निकालावर बढती अवलंबून असे. बेरीने चाचणी सामन्यात लिव्हरपूलला १–० असे हरवले. परिणामी लिव्हरपूल खाली गेला आणि बेरी पहिल्या विभागात पोहोचला. तेथे तो १९१२ पर्यंत सलग १७ हंगाम टिकून राहिला.

== एफए चषकातील दोन विजय ==

एप्रिल १९०० मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर बेरीने पहिल्यांदा एफए चषकाचा अंतिम सामना खेळला. प्रतिस्पर्धी साउदॅम्प्टन हा संघ त्या वेळी फुटबॉल लीगमध्ये नव्हता. तो सदर्न लीगमध्ये खेळत असे. १८८३ नंतर दक्षिण इंग्लंडमधील एकही संघ अंतिम फेरीत पोहोचला नव्हता, त्यामुळे या सामन्याविषयी मोठे कुतूहल होते. बेरीने तो ४–० असा एकतर्फी जिंकला.

१९०३ ची कामगिरी याहून उल्लेखनीय ठरली. बेरीने वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, शेफील्ड युनायटेड आणि नॉट्स काउंटी यांना प्रत्येकी १–० असे, तर उपांत्य फेरीत ॲस्टन व्हिलाला ३–० असे पराभूत केले. १८ एप्रिल १९०३ रोजी क्रिस्टल पॅलेस येथे अंतिम सामन्यात डर्बी काउंटीवर ६–० असा विजय मिळवला. डर्बीचा प्रमुख आक्रमक स्टीव्ह ब्लूमर दुखापतीमुळे खेळू शकला नाही आणि गोलरक्षक जॅक फ्रायर सामन्यादरम्यान जायबंदी झाला, याचाही निकालावर परिणाम झाला. संपूर्ण स्पर्धेत बेरीने १२ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही.

अंतिम सामन्यातील सहा गोलांच्या फरकाचा हा विक्रम ११६ वर्षे एकट्या बेरीच्या नावावर होता. १८ मे २०१९ रोजी मँचेस्टर सिटीने वॉटफर्डला ६–० असे हरवून त्याची बरोबरी केली. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत बेरी लीगबाहेर गेला.

== दोन महायुद्धांमधील काळ ==

१९१२ मध्ये पहिल्या विभागातून पदावनती झाल्यावर बेरीला परतण्यासाठी बारा वर्षे लागली. १९२३–२४ मध्ये दुसऱ्या विभागात लीड्स युनायटेड पहिला आला. बेरी आणि डर्बी काउंटी यांचे गुण समान होते. तेव्हा केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागून सरासरी काढण्याची पद्धत होती आणि त्या सरासरीवर बेरीला दुसरे स्थान व बढती मिळाली. १९२५–२६ मध्ये संघ पहिल्या विभागात चौथा आला. लीगमधील बेरीचे हे सर्वोच्च स्थान होय. १९२९ मध्ये पुन्हा पदावनती झाली.

या काळातील प्रमुख खेळाडू नॉर्मन बुलॉक १९२० ते १९३५ या पंधरा वर्षांत बेरीकडून ५०० हून अधिक लीग सामने खेळले. हा क्लबचा विक्रम आहे. पुढे त्यांनी संघाचे व्यवस्थापकपदही सांभाळले.

== खालच्या विभागांकडे वाटचाल ==

दुसऱ्या महायुद्धानंतर बेरी दुसऱ्या विभागात होता. १९५५ च्या एफए चषकात तिसऱ्या फेरीत बेरी आणि स्टोक सिटी यांच्यातील लढतीचा निकाल पाचव्या सामन्यात लागला. पेनल्टी शूटआउटची पद्धत तेव्हा नसल्याने बरोबरी झाल्यास सामना पुन्हा खेळवला जाई. एकूण ९ तास २२ मिनिटे खेळ झाल्यावर स्टोकने ओल्ड ट्रॅफर्डवर ३–२ असा विजय मिळवला.

१९५७ मध्ये बेरी प्रथमच तिसऱ्या स्तरावर घसरला. १९६०–६१ मध्ये त्याने तिसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून पुनरागमन केले. १९६२–६३ मध्ये संघ लीग चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे त्याला बर्मिंगहॅम सिटीने हरवले. याच दशकात कॉलिन बेल हा तरुण मध्यरक्षक बेरीकडून पुढे आला. १९६६ मध्ये तो मँचेस्टर सिटीकडे गेला, १९६८ मध्ये त्या संघाबरोबर लीग विजेता ठरला आणि इंग्लंडकडून ४८ सामने खेळला. टेरी मॅकडरमॉट आणि ॲलेक लिंडसे हे लिव्हरपूलचे पुढे नावारूपास आलेले खेळाडूही सुरुवातीस बेरीकडे होते.

खेळाडू घडवणे आणि मोठ्या क्लबांना विकणे हा अशा क्लबांच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा मार्ग असतो. बेरीच्या बाबतीत त्याला भौगोलिक कारणही होते. मँचेस्टर युनायटेड, मँचेस्टर सिटी, बोल्टन वाँडरर्स आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स हे सर्व संघ बेरीपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. १९६१ मध्ये खेळाडूंच्या कमाल वेतनाची मर्यादा रद्द झाली आणि मोटारी व दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली, तसा लँकेशायरमधील लहान शहरांतील प्रेक्षक मोठ्या संघांकडे वळला. १९७१ मध्ये बेरी चौथ्या विभागात गेला. पुढील काळात तिसरा व चौथा विभाग यांत त्याची ये-जा सुरू राहिली. क्रेग मॅडन याने १९८१–८२ च्या हंगामात लीगमध्ये ३५ गोल केले. एकूण १२९ लीग गोलांसह तो बेरीचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आहे.

१९९० च्या दशकात व्यवस्थापक स्टॅन टर्नेंट यांच्या कारकिर्दीत संघाने १९९६ आणि १९९७ अशी लागोपाठ दोनदा बढती मिळवली आणि तो दुसऱ्या स्तरावर पोहोचला. १९९८–९९ च्या अखेरीस बेरी आणि पोर्ट व्हेल यांचे गुण समान झाले. गोलफरकात बेरी पुढे होता. परंतु त्या वेळच्या नियमानुसार फरकाऐवजी केलेल्या गोलांची संख्या विचारात घेतली गेली. ती पोर्ट व्हेलची जास्त असल्यामुळे बेरीची पदावनती झाली.

== आर्थिक अडचणी ==

२००२ मध्ये आयटीव्ही डिजिटल ही प्रक्षेपण कंपनी कोसळली आणि लीगमधील क्लबांचे अपेक्षित उत्पन्न बुडाले. बेरीचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. समर्थकांनी निधी उभारून क्लब वाचवला, मात्र त्याच वर्षी संघ चौथ्या स्तरावर घसरला. २००५ मध्ये चारही विभागांत प्रत्येकी १,००० गोल करणारा पहिला संघ असा मान बेरीला मिळाला. सर्व स्तरांवर दीर्घकाळ खेळलेल्या संघालाच हा मान शक्य होता. २००५ ते २०१४ या काळात चाहत्यांच्या मालकीचा एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा संघही भाडे देऊन गिग लेनवर खेळत होता.

२०१३ मध्ये स्टुअर्ट डे यांनी क्लबची मालकी घेतली. वरच्या विभागात जाण्याच्या उद्देशाने खेळाडूंवर मोठा खर्च झाला आणि २०१५ मध्ये संघाला बढतीही मिळाली. परंतु वेतनाचा भार उत्पन्नाच्या पुढे गेला, तोटा वाढत राहिला आणि गिग लेन गहाण ठेवून कर्जे घेण्यात आली. २०१८ मध्ये संघ पुन्हा चौथ्या स्तरावर गेला. त्या वर्षी डिसेंबरमध्ये स्टीव्ह डेल यांनी अवघ्या एका पौंडाला क्लब विकत घेतला.

== लीगमधून हकालपट्टी (२०१९) ==

२०१८–१९ च्या हंगामात रायन लो यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने चौथ्या स्तरावर दुसरे स्थान पटकावून बढती मिळवली. या यशाच्या वेळी खेळाडू व कर्मचारी यांचे वेतन थकलेले होते. हंगाम संपल्यावर लो आणि अनेक खेळाडू क्लब सोडून गेले.

जुलै २०१९ मध्ये धनकोंशी तडजोडीचा करार मंजूर झाला. इंग्लिश फुटबॉलमधील नियमानुसार खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी पूर्ण फेडावी लागतात. अन्य असुरक्षित धनकोंना मात्र येण्याचा काही भागच मिळतो. बेरीच्या करारात हा भाग २५ टक्के होता. असा करार केल्याबद्दल संघाचे १२ गुण आधीच वजा करण्यात आले. करारातील देणी कशी फेडली जातील आणि हंगामभराचा खर्च कसा भागेल याचा पुरावा मात्र लीगला समाधानकारक वाटला नाही. त्यामुळे बेरीचे सुरुवातीचे सामने पुढे ढकलण्यात आले.

लीगने अखेरची मुदत २७ ऑगस्ट ठरवली. तिच्या आधी एका माजी महिला संचालकांनी निषेध म्हणून स्वतःला हातकडीने मैदानाच्या इमारतीच्या नळाला जखडून घेतले. सामना होईल या आशेने चाहते गिग लेनची साफसफाई करण्यास जमले. क्लब विकत घेण्याची तयारी दाखवणाऱ्या सी अँड एन स्पोर्टिंग रिस्क या कंपनीने मुदतीच्या दिवशी माघार घेतली आणि त्याच रात्री बेरीचे सदस्यत्व रद्द झाले. १९९२ मध्ये मेडस्टोन युनायटेड गेल्यानंतर लीगने गमावलेला हा पहिला क्लब होता. त्या हंगामात तिसऱ्या स्तरावर २४ ऐवजी २३ संघ खेळले. शेजारचा बोल्टन वाँडरर्स हा क्लबही त्याच वेळी अशाच संकटात होता. त्याची विक्री दुसऱ्या दिवशी पूर्ण झाली आणि तो वाचला.

== चाहत्यांचे दोन प्रयत्न ==

हकालपट्टीनंतर समर्थकांपुढे दोन मार्ग होते. एका गटाच्या मते जुना क्लब संपला होता आणि नवा संघ ताबडतोब मैदानात उतरवणे आवश्यक होते. या गटाने डिसेंबर २०१९ मध्ये बेरी एएफसी हा सभासदांच्या मालकीचा संघ स्थापन केला. २०२० मध्ये त्याला नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या स्तरावर, प्रवेश मिळाला. घरचे सामने जवळच्या रॅडक्लिफ येथे होऊ लागले आणि २०२१–२२ मध्ये संघाने आपला विभाग जिंकला.

दुसऱ्या गटाच्या दृष्टीने क्लबची ओळख गिग लेन, नाव आणि इतिहास यांच्याशी जोडलेली होती. ती प्रथम परत मिळवणे हे त्याचे उद्दिष्ट होते. नोव्हेंबर २०२० मध्ये जुनी कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये या गटाने गिग लेन विकत घेतले; त्यासोबत क्लबचे नाव व स्मृतिवस्तूही मिळाल्या. या कामी सरकारच्या सामुदायिक मालकी निधीतून १० लाख पौंड मंजूर झाले आणि खासगी देणग्याही मिळाल्या.

आता एका गटाकडे संघ होता पण मैदान नव्हते, तर दुसऱ्याकडे मैदान होते पण संघ नव्हता. तरीही विलीनीकरण सहज झाले नाही. ऑक्टोबर २०२२ मधील मतदानात एका संस्थेच्या सभासदांनी प्रस्तावाला भरघोस पाठिंबा दिला; बेरी एएफसीच्या सभासदांत मात्र सुमारे ६३ टक्के मतेच अनुकूल पडली आणि आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत थोडक्यात हुकले. सभासदांचा लोकशाही अधिकार विलीनीकरणानंतर कितपत टिकेल हा विरोधाचा प्रमुख मुद्दा होता. मे २०२३ मध्ये सुधारित प्रस्ताव दोन्ही बाजूंनी मंजूर झाला. फुटबॉल असोसिएशनने संघाला बेरी एफसी हे नाव वापरण्यास अनुमती दिली.

== गिग लेनवर पुनरागमन ==

२०२३–२४ च्या हंगामापासून बेरी नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगच्या प्रीमियर विभागात, म्हणजे नवव्या स्तरावर, गिग लेनवर खेळू लागला. या स्तरावर प्रेक्षकसंख्या सहसा काहीशेच्या घरात असते. बेरीच्या सामन्यांना मात्र हजारोंनी प्रेक्षक येऊ लागले. २०२४–२५ मध्ये संघाने विभागाचे विजेतेपद मिळवून नॉर्दर्न प्रीमियर लीगच्या पश्चिम विभागात, आठव्या स्तरावर, बढती मिळवली. इंग्लिश फुटबॉल लीग चौथ्या स्तरापर्यंतच असल्यामुळे तिच्यात परतण्यासाठी येथून आणखी चार बढत्या आवश्यक ठरतात.

== इंग्लिश फुटबॉलवरील परिणाम ==

बेरीच्या हकालपट्टीमुळे क्लबांच्या मालकांची पात्रता तपासण्याच्या पद्धतीवर टीका झाली. डेल यांनी क्लब विकत घेतला तेव्हा पैशांची तजवीज सिद्ध होण्यापूर्वीच व्यवहार पूर्ण झाला होता आणि लीगच्या तत्कालीन नियमांत तो रोखण्याची परिणामकारक तरतूद नव्हती. बेरीची घटना, कोविड साथीतील आर्थिक ताण आणि २०२१ मधील युरोपियन सुपर लीगचा प्रस्ताव या पार्श्वभूमीवर ब्रिटिश सरकारने खासदार ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली चाहत्यांना केंद्रस्थानी ठेवून आढावा घेतला. नोव्हेंबर २०२१ मधील अहवालात स्वतंत्र नियामकाची शिफारस करण्यात आली.

जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासन कायदा संमत झाला आणि स्वतंत्र फुटबॉल नियामकाची तरतूद झाली. या कायद्यानुसार वरच्या पाच स्तरांतील क्लबांना परवाना घ्यावा लागतो. मालकांच्या आर्थिक क्षमतेची तपासणी करणे आणि मैदानाची विक्री किंवा स्थलांतर यांवर नियंत्रण ठेवणे हे नियामकाच्या कामाचे भाग आहेत.

== प्रमुख यश ==

* एफए चषक – विजेते: १९००, १९०३
* दुसरा विभाग – विजेते: १८९४–९५; उपविजेते: १९२३–२४
* तिसरा स्तर – विजेते: १९६०–६१, १९९६–९७, उपविजेते: १९६७–६८
* चौथा स्तर – उपविजेते: २०१०–११, २०१८–१९
* लँकेशायर लीग – विजेते: १८९०–९१, १८९१–९२
* नॉर्थ वेस्ट काउंटीज लीग प्रीमियर विभाग – विजेते: २०२४–२५